मस्कत : दुबई नव्हे, मस्कत

सुकीकाठ (धागाकर्ता)

आमच्या रावेर तालुक्यात कोणीही आखातात गेला की गावात एकच वाक्य फिरतं, "तो दुबईला आहे." मी मस्कतला पंधरा वर्षं काढली, २००६ ते २०२१. आई शेवटपर्यंत सगळ्यांना दुबईच सांगत राहिली. मी तिला कधी बसवून नीट सांगितलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

परवा गल्लीतला एक पोरगा घरी आला. मस्कतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्याचं काम ठरतंय. विचारतो, "काका, मस्कत दुबईच्या कोणत्या भागात येतं?" रात्री अकरापर्यंत त्याला सांगत बसलो. तेच इथे लिहितो आहे. यावल, चोपडा, शिरपूर, अमळनेरकडची बरीच मुलं तिकडे जातात, आणि आपण नेमके कुठे चाललो आहोत हे त्यांना कोणी सांगत नाही.

मस्कत ही ओमानची राजधानी. देश वेगळा, सुलतान वेगळा, पैसा वेगळा, कायदा वेगळा. दुबई तिथून गाडीने चार-पाच तासांवर, आणि मध्ये सरहद्द लागते. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत मस्कतला टेकतं; आपल्याला जळगावहून मुंबई गाठायलाच त्याच्या दुप्पट वेळ लागतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

पहिल्या दिवशी मला शहर सापडेचना. आपल्याकडे गाव म्हटलं की मध्ये बाजार, भोवती पेठा, मग कॉलन्या. मस्कत तसं नाही. हजर नावाचे डोंगर थेट समुद्रापर्यंत येऊन भिडले आहेत, काळे-तपकिरी, उघडेबोडके. त्यांच्या बेचक्यांत जिथे जिथे सपाटी मिळाली तिथे तिथे वस्ती. मूळ मस्कत एका छोट्या खाडीवर, डोंगर ओलांडला की मत्रा, पुन्हा डोंगर ओलांडला की रुवी. मग डोंगर मागे सरकतात आणि कुरुम, खुवैर, गुब्रा, अझैबा, सीब असं शहर किनाऱ्याने चाळीस-पन्नास किलोमीटर लांबत जातं. सुलतान काबूस रस्ता नावाचा हमरस्ता हाच त्याचा कणा. त्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला तुमची खोली, कोणत्या बाजूला काम, यावर तुमचं सगळं आयुष्य ठरतं.

मूळ मस्कत इतकं लहान आहे की अर्ध्या तासात पायी फिरून होतं. खाडीच्या दोन तोंडांवर दोन किल्ले, जलाली आणि मिरानी. १५०७ साली पोर्तुगीजांनी हे बंदर जाळून घेतलं आणि पुढे १५८० च्या दशकात हे किल्ले आजच्या रूपात उभे केले. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यांनी त्यांना हाकललं. आपण वसईचा विजय सांगतो तो १७३९ चा. ओमानी लोकांनी पोर्तुगीजांना त्याच्या जवळपास नव्वद वर्षं आधी समुद्रात ढकललं होतं. तिथला म्हातारा माणूस हे सांगताना ताठ होऊन बसतो.

दोन किल्ल्यांच्या मध्ये सुलतानाचा अल आलम राजवाडा आहे, निळ्या-सोनेरी खांबांचा. जुन्या शहराला तट आणि दरवाजे होते. १९७० पर्यंत सूर्यास्तानंतर तीन तासांनी दरवाजे बंद व्हायचे, आणि त्यानंतर बाहेर पडायचं तर हातात कंदील हवा, असा नियम. लक्षात घ्या, १९७०. आपल्याकडे तेव्हा भुसावळच्या यार्डात रात्रभर दिवे जळत होते. त्या वर्षी साऱ्या ओमानात तीन शाळा आणि दहाएक किलोमीटर डांबरी रस्ता होता. २३ जुलै १९७० रोजी काबूस यांनी वडिलांना दूर करून गादी घेतली आणि पन्नास वर्षांत देश उभा केला. जानेवारी २०२० मध्ये ते वारले तेव्हा मी तिथेच होतो. आमच्या गोदामातला ओमानी ड्रायव्हर खोक्यांच्या थप्पीला डोकं टेकून रडत होता. भारतानेही एक दिवसाचा दुखवटा पाळला होता.

आता शहर दिसतं कसं. पांढरं, फिकट पिवळसर आणि बुटकं. उंची आणि रंग यांवर नियम आहेत, म्हणून दुबईसारखे मनोरे नाहीत. डोंगर इमारतींपेक्षा उंच राहतो. गाडी मळकी ठेवली तर पोलीस दंड करतात. इतकं स्वच्छ शहर मी दुसरं पाहिलं नाही. मत्राच्या किनारी रस्त्यावर संध्याकाळी बसलं की समोर पांढऱ्या घरांची रांग, मागे काळा डोंगर, डोंगरावर बुरूज. पगार उशिरा झालेल्या महिन्यातसुद्धा ते दृश्य फुकट मिळायचं.

मत्राचा बाजार जुना आहे, वरून झाकलेला. एका भागाला 'अंधाराचा बाजार' म्हणतात, कारण गल्ल्या इतक्या अरुंद की पूर्वी दुपारीही दिवा लागायचा. आत शिरताच धुपाचा वास येतो. ते लुबान दक्षिणेच्या धोफार प्रांतातून येतं. आपण दर्ग्यात लोबान जाळतो, तो शब्द याच 'लुबान'चा. चांदीचे खंजीर, हाताने भरतकाम केलेल्या कुम्मा टोप्या, हलवा. ओमानी हलवा एकदा खाच: स्टार्च, तूप, केशर, गुलाबपाणी घालून तासन् तास घोटतात. त्यासोबत वेलची घातलेली बिनसाखरेची काळी कॉफी, कहवा. कप हलवून परत दिला नाही तर ते भरतच राहतात.

आणि एक गोष्ट, जी कळल्यावर मस्कत मला परकं वाटेनासं झालं. तिथे आपला रुपया चालायचा. १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, 'गल्फ रुपया'. बाकीच्या देशांनी १९६६ पर्यंत आपापली नाणी काढली, ओमानात मात्र तो १९७० पर्यंत टिकला. आजही तिथल्या रियालचे हजार भाग होतात त्यांना 'बैसा' म्हणतात, म्हणजे आपला पैसाच. मत्रात एका कापड दुकानदाराने मला सांगितलं होतं की लहानपणी तो आण्यांत हिशेब करायचा. आपले आजोबा आणि तो एकाच चलनात बाजार करत होते.

जे तिथे राहून आलेत त्यांनी भर घालावी. जायच्या तयारीतल्यांनी काहीही विचारा.


अनेरकाठ

भाऊ, भलतं भारी लिखं. मना मोठा भाऊ तठेच शे, बरका गावले. मी पण त्याला दुबईवाला म्हणायचो, आजपासून बंद.

एक विचारायचं होतं. तिथे देऊळ आहे असं भाऊ सांगतो, घरचे मानायला तयार नाहीत. खरं आहे का?


सुकीकाठ

अगदी खरं. जुन्या मस्कतमध्ये, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर मोतीश्वर महादेवाचं मंदिर आहे, शंभर वर्षांहून जुनं. २०१८ मध्ये आपले पंतप्रधान तिथे दर्शनाला गेले होते. दारसैतला श्रीकृष्णाचं मंदिर आहे. ही मंदिरं कच्छी भाटिया व्यापाऱ्यांमुळे उभी राहिली. मांडवीहून गलबतं घेऊन ते लोक पिढ्यान् पिढ्या मस्कतला येत. तांदूळ, कापड इकडून न्यायचे आणि खजूर तिकडून आणायचे. त्यांच्यातल्याच कनकसी खिमजी यांना सुलतानाने 'शेख' ही पदवी दिली. हिंदू माणसाला शेख म्हणणारा दुसरा अरब देश मला माहीत नाही. २०२१ मध्ये ते गेले.

महाशिवरात्रीला मोतीश्वराला रांग इतकी लांब लागते की पाटणादेवीची जत्रा आठवते. तामिळ, तेलुगू, गुजराती, मराठी सगळे एका रांगेत, दुधाची पिशवी हातात. मी दरवर्षी जायचो.


वाघूरकन्या

दादा, वाचताना डोळे भरून आले. आम्ही सहा वर्षं वादी कबीरला होतो, यांची नोकरी रुवीत. तुम्ही शहर लिहिलंत, मी थोडं घरातलं लिहिते.

वादी कबीर आणि रुवी म्हणजे अर्धा भारतच. खाली किराणावाला मल्याळी, शेजारी आंध्रची, समोर पाकिस्तानी शिंपी. हिंदी सगळ्यांना येते, कितीतरी ओमानींना सुद्धा. बलुची मूळ असलेले ओमानी तर सफाईदार बोलतात. मुलांना भारतीय शाळेत सीबीएसई मिळतं, त्यामुळे परत आल्यावर अडत नाही. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. पूर्वी गुरुवार-शुक्रवार होती, २०१३ मध्ये बदलली. रविवारी सकाळी डबे भरायचे हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

खाण्याचं म्हणाल तर डाळ, तांदूळ, भाज्या सगळं मिळतं. मिळत नाही ते आपलं. भरताचं हिरवं वांगं तिथे नाही. काळी मोठी वांगी मिळतात, त्यांत पाणी फार आणि गोडसर. मी गॅसवर भाजून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून करायची, पण काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर कुठून आणणार? कळण्याचं पीठ, बिबडे, नागलीचे पापड इथूनच न्यायची. शेवभाजीसाठी तिखट शेव सासूबाई पत्र्याच्या डब्यात, वर कापड बांधून द्यायच्या.

जाणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची सूचना. मसाल्यात खसखस असेल तर नेऊ नका, सुटी खसखस तर अजिबात नको. आखातातल्या विमानतळांवर त्यावरून माणसं अडकली आहेत. आपल्या काळ्या मसाल्यात काहीजणी खसखस घालतात, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा, वेगळा कुटायला लावा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या.

आणि सुरमई! मत्राच्या मासळी बाजारात पहाटे गेलं की माणसाएवढ्या सुरमया आणि ट्यूना फरशीवर मांडलेले असतात. आम्ही माळकरी घरातले, मी बाहेरच थांबायचे, पण मुलगा रोज हट्ट करायचा बघायचा.


पांझराकाठ

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू पण लिहू द्या. मी २०११ ते २०१४ बांधकामावर होतो, स्टील फिटर. माझं मस्कत पांढऱ्या घरांचं नव्हतं. आठ जणांची खोली, पहाटे साडेचारला बस, संध्याकाळी परत. तीन वर्षांत मत्राचा किनारा मी चार वेळा पाहिला असेल.

एजंटने ड्रायव्हरचं काम सांगितलं होतं. लायसन्स दाखवलं, पैसे भरले. तिथे उतरलो तर करारावर 'हेल्पर'. करार अरबी आणि इंग्रजीत, मी सही मुंबईतच करून बसलेलो. त्या वेळी मालकाने सोडल्याशिवाय दुसरीकडे काम धरता येत नव्हतं. सगळं मुकाट सोसलं, कारण इकडे बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं.

हे वाचून कोणी जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण डोळे उघडे ठेवून जा.


सुकीकाठ

पांझराकाठ भाऊ, तुमचं लिहिणं धाग्याच्या वरच्या भागातच यायला हवं होतं. मी कोल्ड स्टोरेजमध्ये, एसीत काम केलेला माणूस. उन्हात उभं राहणाऱ्याचं मस्कत वेगळं, हे मी जवळून पाहिलं आहे.

तुमच्या वेळेपेक्षा एक गोष्ट बदलली. १ जानेवारी २०२१ पासून, करार पूर्ण झाल्यावर दुसऱ्या मालकाकडे जायला आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत नाही. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. मुकादम काम करायला लावत असेल तर तक्रार करता येते, आणि करावी.

जाणाऱ्या मुलांसाठी: पासपोर्टवर 'ईसीआर' असेल, म्हणजे साधारण दहावी पास नसाल, तर ओमानला जायला आपल्या सरकारची इमिग्रेशन परवानगी लागते. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासा. क्रमांक नसेल तर तिथूनच माघारी या, कितीही ओळखीचा असो. करारात पदाचं नाव, पगार रियालमध्ये, राहणं-जेवण कोणाकडे, हे चार शब्द वाचून घ्या. नाही समजलं तर इथे टाका, कोणीतरी वाचून सांगेल. व्हिजिट व्हिसावर 'तिथे गेल्यावर बदलू' म्हणणाऱ्याचा फोनच उचलू नका.


भूगोलसर

उत्तम धागा. त्या काळ्या डोंगरांबद्दल थोडं लिहितो, कारण मस्कतचं सगळं व्यक्तिमत्त्व त्या खडकात आहे.

आपला खानदेश बेसाल्टवर बसला आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यावर तापी-पूर्णेने गाळ आणून टाकला, म्हणून आपली काळी माती. मस्कतच्या मागचा खडक याहून जुना आणि वेगळ्याच जातीचा. तो एके काळी समुद्राचा तळ होता, आणि तळाखालचं प्रावरणसुद्धा. साडेनऊ कोटी वर्षांच्या सुमारास भूपट्टांच्या रेट्याने तो अख्खा तुकडा जमिनीवर चढला. असा खडक जगात फार थोड्या ठिकाणी इतका मोठा आणि इतका स्वच्छ दिसतो. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी जगभरातून ओमानला येतात ते यासाठीच. जे पाहायला समुद्रात कित्येक किलोमीटर खोल भोक पाडावं लागेल, ते मस्कतला रस्त्याच्या कडेला हाताने शिवता येतं.

त्या खडकावर माती धरत नाही, झाड उभं राहत नाही, आणि दिवसभर तापलेला दगड रात्रभर उष्णता सोडत राहतो. पाऊस वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर. आपल्या जळगावला साधारण सातशे. मस्कतच्या पूर्वेला कुरियात आहे, त्याच गव्हर्नरेटमध्ये येतं. तिथे २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. म्हणजे पहाटेचं किमान तापमान ४२.६. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी ४५-४६ होतं, पण रात्री अंगणात खाट टाकली की डोळा लागतो. तिथे तेही नाही.


सुकीकाठ

सर, दगड रात्री उष्णता सोडतो हे तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत. आम्ही म्हणायचो, डोंगर श्वास टाकतो. वर समुद्राची दमट हवा. आपलं ऊन कोरडं, घाम सुकतो. तिथे घाम अंगावरच राहतो, चष्मा एसीतून बाहेर आणला की पांढरा होतो. नोव्हेंबर ते मार्च मात्र हवा इतकी छान असते की सगळे ओमानी समुद्रकाठी चटया टाकून बसलेले दिसतात.

पाण्याचं राहिलं होतं. मस्कतला नदी नाही. नळाला येतं ते समुद्राचं पाणी, मीठ काढलेलं. गुब्राला तसा मोठा कारखाना १९७० च्या दशकापासून चालू होता, मी त्याच्या जवळच राहायचो. हे पाणी किती नाजूक दोरीवर लटकलेलं आहे ते २००७ मध्ये कळलं. ६ जूनला 'गोनू' चक्रीवादळ आलं. अरबी समुद्रात तोवर नोंदलेलं सर्वांत जोरदार वादळ. वर्षाला शंभर मिलिमीटर पावसाच्या गावात एका रात्रीत वर्षाचं पाणी कोसळलं. ज्या वाद्या, म्हणजे कोरडे ओढे, आम्ही क्रिकेट खेळायला वापरायचो, त्यांना सातपुड्याच्या नाल्यांसारखा लोंढा आला. कुरुमला गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. ओमानात पन्नासच्या आसपास माणसं गेली.

आणि मग नळ बंद पडले. चारी बाजूंना पाणी, प्यायला थेंब नाही. तीन-चार दिवस आम्ही टँकरपुढे बादल्या घेऊन उभे. माझ्यापुढे एक ओमानी शाळामास्तर, मागे बंगाली मजूर, सगळे एका रांगेत. मी लहानपणी गावात मे महिन्यात आईबरोबर अशाच रांगेत उभा राहिलो होतो. मास्तरांनी त्यांच्या वाट्यातला एक कॅन आमच्या खोलीला दिला, "तुम्ही सहा जण, आम्ही चार" म्हणाले.

नव्यांना एवढंच सांगतो: वादीत पाणी वाहताना दिसलं तर गाडी घालू नका. रस्त्याच्या कडेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब असतात, पाणी लालपर्यंत आलं की थांबायचं. दरवर्षी कोणीतरी धाडस करतं आणि जातं.


केळीघड

मी केळी निर्यातीत आहे, म्हणून रुमाल टाकतो. सुकीकाठ भाऊ, तुम्ही मवालेहच्या फळबाजारात होता का?


सुकीकाठ

हो! मवालेहलाच. पिकवणी खोल्यांवर सुपरवायझर होतो. हिरवी केळी यायची, कंटेनर उघडून आधी गराचं तापमान बघायचं, मग खोल्या भरायच्या, फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडायचा, सोळा-अठरा अंशांत चार-पाच दिवस. सुरुवातीची काही वर्षं आमच्याकडे फिलिपिन्सचाच माल जास्त. भारताचा माल आला की ओमानी व्यापारी नाक मुरडायचे, कारण साल डागाळलेली, घड वेडेवाकडे कापलेले, खोक्यात कागद नाही. मला ते फार लागायचं. माझ्या घरची केळी मला माहीत होती, चवीला कुठेच कमी नाहीत. गोडीला तर जास्तच.


केळीघड

तेच आता बदललंय, भो. टिश्यू कल्चरची रोपं, ग्रँड नैन जातीची, घडाला शेतातच पिशवी, फण्या धुऊन, पुसून, तेरा किलोच्या खोक्यात. कापल्यापासून काही तासांत प्री-कूलिंग, मग रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर तेरा अंशांवर, न्हावाशेव्यावरून जहाज. तेरा हा आकडा मी मुलांना पाठ करायला लावतो. बारा झालं की साल आतून काळवंडते, चौदा-पंधरा झालं की वाटेतच पिकायला लागतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही बोलताना उपयोग होतो. रावेर-यावलचा माल आज आखातात आणि इराणमध्ये व्यवस्थित जातो.

गंमत म्हणजे ओमानात स्वतःची केळीही होतात, दक्षिणेला सलालाहमध्ये. तिथे पावसाळी ढग अडतात, नारळ-केळीच्या बागा आहेत. पण ती त्यांच्याच रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर संपतात.


वाघूरकन्या

सलालाहची केळी खाल्ली आहेत, छोटी आणि गोड.

डाळिंबाचं पण सांगा ना कोणी. माझे वडील सटाण्याकडचे. 'गणेश' आणि 'भगवा' यायच्या आधी त्यांच्याकडे 'मस्कत' नावाचंच वाण होतं. मस्कतला गेल्यावर मी बाजारात ते शोधत होते, तर दुकानदाराला त्या नावाचं डाळिंब माहीतच नव्हतं! तिथली चांगली डाळिंबं जबल अखदर डोंगरावरून येतात.


भूगोलसर

ताई, बंदराचं नाव मालाला चिकटण्याची जुनी रीत आहे ती. ज्या बंदरातून माल किंवा रोप आलं, त्याचं नाव आपण ठेवलं. त्यावरून मस्कतशी आपला व्यवहार किती जुना होता तेवढं मात्र कळतं.

अजून एक. मस्कतचा विस्तार एके काळी आफ्रिकेपर्यंत होता. सय्यद सईद यांनी एकोणिसाव्या शतकात दरबारच झांझिबारला हलवला. त्यांच्यानंतर मुलांत वाद झाला तो मिटवला व्हाइसरॉय कॅनिंग यांनी, १८६१ मध्ये, आणि राज्याचे दोन भाग झाले. मस्कतमध्ये आजही स्वाहिली बोलणारी घरं सापडतात ती त्यामुळे.


शिरपूर२३

नमस्कार. सुकीकाठ काकांच्या गल्लीतला मुलगा मी नाही, पण माझंही मस्कतचंच ठरतंय, एसी मेकॅनिक म्हणून. आयटीआय झालंय. करार इथे टाकू का? आणि काका, सुट्टीच्या दिवशी एकच ठिकाण बघायचं झालं तर कोणतं?


सुकीकाठ

करार मला खाजगीत पाठव, त्यावर तुझा पासपोर्ट क्रमांक असेल, तो झाकून.

एकच म्हणशील तर ग्रँड मशीद, बौशरला. २००१ मध्ये पूर्ण झाली. मुसलमान नसलेल्यांना शुक्रवार सोडून रोज सकाळी आठ ते अकरा आत जाता येतं. पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. आतला गालिचा इराणी बायकांनी चार वर्षं विणला, वजन २१ टन. वर चौदा मीटरचं झुंबर. लोक ते बघून येतात. तू भिंतीला हात लाव. ती सगळी मशीद भारतातून नेलेल्या वालुकाश्माची आहे, तीन लाख टन. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरची फार आठवण येत होती, आणि तो दगड हाताला ओळखीचा वाटला.


पांझराकाठ

शिरपूर२३, एसीवाल्याला उन्हाळ्यात गच्चीवर चढावं लागतं. पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेच्या पुड्या खिशात ठेव. आणि पहिल्या पगारातून आधी तिथलं सिमकार्ड घे, घरी रोज फोन कर. मी महिन्यातून एकदा करायचो, फार चुकलं ते.


शिरपूर२३ (सात आठवड्यांनी)

काका, पोचलो. कराराचं नीट झालं, तुम्ही सांगितलेले दोन मुद्दे लिहून घेतले होते. खोली रुवीला, चौघं जण, दोघं केरळचे.

विमान उतरताना खिडकीतून डोंगर दिसले. तुम्ही लिहिलं होतं तरी दचकलोच, एवढे जवळ असतील असं वाटलं नव्हतं. काल सुट्टी होती, मत्राला गेलो. बाजारात शिरायच्या आधीच लोबानचा वास आला. आईला व्हिडिओ कॉलवर किल्ला दाखवला. ती बाजूच्या काकूंना म्हणाली, "मस्कत आहे ते, दुबई नाही."

मवालेहचा फळबाजार मात्र तिथे राहिला नाही. २०२४ मध्ये बरक्याकडे खझाएनला हलवला, खूप मोठा झालाय म्हणतात. पण खोलीखालच्या दुकानात केळी होती. खोकं मागे पडलं होतं, त्यावर जळगाव लिहिलंय.


सुकीकाठ

खोक्याचा फोटो टाक, आणि एक फणी विकत घेऊन देठाजवळचाही. काळं पडलंय का तेवढं बघून सांग. पॅकिंगची तारीख खोक्याच्या अरुंद बाजूला छापलेली असते.